मावळतीकडे तोंड

नशिराबादच्या पिंजारवाड्यात समुद्र ओलांडून परत आलेली माणसं दोनच. एक हज्जनफुफी, जी हज करून आली होती आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक भांडणाचा निकाल स्वतःच देत असे. दुसरा भिकन पिंजारी. जर्मनच्या लढाईत तो सरकारची खेचरं सांभाळायला मिसर म्हणजे इजिप्त देशातल्या इस्कंदरिया बंदरापर्यंत गेला होता. त्याच्यासोबत लतीफही गेला होता. तो परत आला नाही.

एकट्यानं परतलेल्या भिकननं लतीफच्या बायकोला, जैतुनबीला, सांगितलं ते एवढंच. लतीफ तापानं गेला. मी माझ्या हातानं त्याला माती दिली. उशाला खूण म्हणून त्याचाच दांडका रोवला. कापूस पिंजताना धनुकलीच्या तातीवर मारायचा हा लाकडी दांडका लतीफनं घरून नेला होता, तेव्हा लोक हसले होते की खेचरं पिंजणार आहेस काय. दांडक्याच्या मधोमध जळका डाग होता, कारण जैतुनबीच्या हातून तो एकदा चुलीत पडला होता.

सरकारचा कागद कधी आलाच नाही. मशिदीच्या पेशइमामांनी भिकनच्या एकट्याच्या शब्दावर तिला विधवा मानलं. पुढं तीन वर्षं ती लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस स्वतः पिंजत राहिली. भिकन दाराबाहेर कापसाचं गाठोडं ठेवून जाई, आत येत नसे. अखेर तिच्या भावानं, कासमनं, पुढाकार घेतला आणि दोघांचा निकाह ठरला. येत्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी. इतकी वर्षं ती त्याला भिकनभाऊ म्हणायची. निकाह ठरल्यापासून काहीच म्हणेनाशी झाली.

आता बघा, ज्याच्या शब्दावर बाई विधवा झाली त्याच्याशीच तिचा निकाह. गावाला जीभ दिली आहे ती काय नुसती चव घ्यायला? हज्जनफुफी तर उघड म्हणे, "साक्षीदार बी तोच, नवरदेव बी तोच. असा निवाडा मी कठेच देखा नही."

त्याच आठवड्यात कासमचं इस्कंदरियाला जायचं निघालं. तो जळगावात दलिचंद शेटजींच्या सरकी काढायच्या जिनात कापूस पारखायच्या कामावर होता. शेटजींना मिसरचं लांब धाग्याचं बी हवं होतं, पण सांज पडायच्या आत जेवणारे शेटजी स्वतः परमुलखात जाऊन काय खाणार? ते म्हणाले, "कासम, मुसलमानाच्या गावात मुसलमान गेलेला बरा. तुझं खाण्यापिण्याचं अडणार नाही." मुंबईच्या व्यापाऱ्याच्या माणसांबरोबर त्याचं तिकीट निघालं, आणि घरच्यांनी भिकनला बोलावलं की तू जाऊन आलास, याला चार गोष्टी सांग.

दुपारची जोहरची नमाज उरकून भिकन आला. ओसरीवर पेशइमाम, कासम आणि अडकित्ता घेऊन बसलेली हज्जनफुफी. आत पडद्यामागं जैतुनबी. होणाऱ्या नवऱ्यासमोर यायचं नव्हतं, पण ऐकायचं तर होतंच.

भिकन मुळात अबोल. त्या दिवशी मात्र तो खुलून बोलला. मी म्हणतो, नसता बोलला तर बरं झालं असतं.

"मिरचीनी पूड सोबत लई जाय," त्यानं सुरुवात केली. "तठे जेवणले चवच नही. सकाळी लोक मोठमोठा दाणा उकडीसन खातस, आपन बैलले घालतस तसा. पन पोट भरस. मांस बठ्ठीकडे हलाल मिळस, फक्त बंदरजवळनी फिरंगी खानावळमा पाय ठेवजो नको. तठलं तेल बी नको."

"आणि जोडे?" कासमनं विचारलं.

"जोडा नवा नेऊ नको, चोरीले जास. तठे कोणी आपला मामा नही." सगळे हसले. पडद्यामागूनही हसल्यासारखं झालं. त्या हसण्यानं भिकन आणखी मोकळा झाला. "आनि नमाज पढतांना एक ध्यानमा ठेव. लोक चिडावतस. आमना तंबूजवळ एक रोटीवाला ये. आम्ही नमाजले उभा राहिनूत का हा हात हालाडी हालाडी वरडे. आम्हले त्यानी बोली समजे नही. आमन्या लुंग्या देखीसन हासत असेल. तू लक्षच देऊ नको."

"नमाज कठे पढायची?"

"कठे बी. समुद्रना काठले वाळू साफ शे. मावळतीकडे तोंड कर आनि उभा ऱ्हाय. आपलं आठे तसंच."

हज्जनफुफीचा अडकित्ता थांबला.

"काय म्हनस?" ती म्हणाली. "मावळतीकडे?"

"हा."

"आनि लतीफले माती दिन्ही तवय त्यानं तोंड कोन्या बाजूले करं?"

कबरीतही मयताचं तोंड नमाजेसारखं मक्केकडंच करायचं असतं; भिकनला हा प्रश्न विचित्र वाटला असावा. "मावळतीकडेच, फुफी. मी सोता त्यानी मान वळाई."

म्हातारीनं सुपारी ताटलीत टाकली आणि पेशइमामांकडं वळून बसली. "मौलवीसाब, आम्ही जेद्दाले उतरनूत, तवय पहिल्याच नमाजले आमनी बठ्ठी मंडळी मावळतीकडे तोंड करीसन उभी राहिनी. जन्मभरनी सवय. तठला लोकेसनी आम्हले खांदा धरीसन उलटं फिरावं. का? तं मक्का आपले मावळतीले शे, पन जेद्दाले उतरनं का ती उगवतीले ऱ्हास. आनि मिसर तं जेद्दाना बी पलीकडे. खरं का खोटं?"

पेशइमाम काही वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलावंसं वाटत नव्हतं. शेवटी म्हणाले, "खरं आहे. मिसरमध्ये किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, पूर्वेच्या अंगाला येते. मावळतीला नाही."

"मंग हा तठे गयाच नही," म्हातारी म्हणाली. "गया ऱ्हाता तं याले ठाऊक ऱ्हातं."

कासम उठून उभा राहिला. "भिकन, गावातली मशीद तरी पाहिली होती का?"

"सुट्टी नव्हती. खेचरं सोडता येत नव्हती." भिकनचा आवाज खाली गेला होता. "आम्ही गावाबाहेर, तंबूमाच..."

"इतके महिने मुसलमानाच्या गावात राहिलास आणि एकदा मशिदीत गेला नाहीस?"

भिकन कासमकडं पाहत नव्हता, कुणाकडंच पाहत नव्हता. त्याचा उजवा हात हवेत अर्धवट वर येऊन हळूहळू एका बाजूला वळत होता, जणू हातात काही जड होतं. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणायला ओसरीवर सगळे मोकळे होते आणि सगळ्यांनी मनातल्या मनात ते म्हटलंही.

तेवढ्यात पडदा बाजूला झाला. जैतुनबी बाहेर आली. डोक्यावरचा पदर सावरला होता, आवाज मात्र सावरता येत नव्हता.

"एकच सांगा. तुम्ही त्यास्ले माती दिन्ही का नही?"

"दिन्ही," भिकन म्हणाला. "पन..."

"पन काय?"

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि तो खाली बसला. ती वाट पाहत उभी राहिली. मला वाटतं, त्या वेळी तो एक वाक्य जरी बोलला असता तरी तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला असता. तिला ठेवायचाच होता.

मग ती आत गेली आणि निकाहसाठी त्यानं पाठवलेल्या हिरव्या बांगड्यांची पुडी आणून तिनं त्याच्यासमोर जमिनीवर ठेवली. भिकननं ती उचलली आणि जोडे घालायचं विसरून तो अनवाणीच निघून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की तो धनुकली खांद्यावर टाकून धुळ्याला गेला.

गावानं निकाल लावून टाकला. भिकन अर्ध्या वाटेवरून परत आला असणार. लतीफ मेल्याची गोष्ट त्यानं बाईसाठी रचली. मग लतीफ कुठं आहे? तर कदाचित जिवंत आहे. हे 'कदाचित' हज्जनफुफीनं पहिल्यांदा उच्चारलं आणि जैतुनबीनं ते उचलून घरात नेलं.

कासम निघाला तेव्हा तिनं वाटेत राखण व्हावी म्हणून त्याच्या दंडाला इमामजामिन बांधलं. नाणं कापडात गुंडाळून तिनं गाठ दोनदा मारली. "भाऊ, दांडका शोधजो," ती म्हणाली. "कबर नही सापडनी तं त्यास्लेच शोधजो."

कासम गेल्यावर तिनं घर सारवलं. लतीफची धनुकली माळ्यावरून काढून तिला नवी तात चढवली. गळ्यात काळी पोत घातली, जी विधवा झाल्यापासून तिनं काढून ठेवली होती. कुणी काही म्हटलं नाही, पण समोरून येणारी बाई वाट बदलून जाऊ लागली. आशा ही फार निर्दय चीज आहे. दुःख माणसाला रात्री तरी झोपू देतं. दारावर पावलं वाजली की जैतुनबी उठून उभी राही आणि मग पाणी प्यायलाच उठल्याचं सोंग करी.

कासम परतला तेव्हा उन्हाळा लागला होता. जळगाव स्टेशनवरून तो शेटजींच्या पेढीवरही गेला नाही. थेट घरी आला. बहिणीच्या गळ्यातली पोत त्यानं पाहिली आणि पाणी न पिताच खाली बसला.

"सांग," ती म्हणाली.

"पहिल्या दिवशी मी समुद्रावर गेलो," कासम म्हणाला. "असरची वेळ होती, दिवस कललेला. आठे एवढं बठ्ठं ऐकेल होतं ना मी, मौलवीसाबसमोर भांडेल होतो, तरी वाळूवर उभा राहिनू आनि पाय आपोआप मावळतीकडे वळनात. हात बांधले. तवढामा मागून एक माणूस वरडत आला. डोक्यावर रोटीची पाटी. हात हालाडत होता. पाटी खाली ठेवली, माझे खांदे धरले आनि मला उलटं फिरवलं."

कासम आल्याचं ऐकून आलेल्या हज्जनफुफीच्या हातात अडकित्ता होता. तो तिनं बाजूला ठेवला.

"मंग मी गावाबाहेर गेलो, जठे लढाईत खेचरांचे तंबू होते. जवळच गरिबांचं कबरस्तान शे. बठ्ठ्या कबरी एका अंगानं. एकच कबर तिरपी. उशाचं अंग भलत्याच बाजूले." कासमनं बहिणीकडं पाहिलं. "उशाला दांडका होता. मधोमध जळका डाग."

जैतुनबी हलली नाही. तिनं विचारलं, "उपटीसन आना का?"

"नही. उपटला तं ती कबर कोणाची, कोण सांगीन?"

"बरं करं," ती म्हणाली. पुष्कळ वेळानं तिचा हात गळ्याशी गेला आणि तिनं पोत काढली. रडली नाही. रडणं तिचं तीन वर्षांपूर्वीच उरकलं होतं, ते लोकांच्या 'कदाचित'नं मोडलं होतं.

हज्जनफुफी मात्र रडली. "माले बी तं खांदा धरीसनच फिरावं होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "मी बी तं चुकेल होती. मी सांगी बी दिन्हं, तरी माले समजनं नही."

तिसऱ्या दिवशी भाऊबहीण धुळ्याला गेले. भिकन बाजारामागच्या एका पडवीत पिंजत बसला होता. अंगावर, भुवयांवर कापूस. त्यांना पाहून तातीचा आवाज थांबला. त्यानं कासमला बसायला पोतं सरकवलं आणि जमिनीकडं पाहत म्हणाला, "सापडना?"

"सापडला," जैतुनबी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही का नही बोलनात? 'आम्हले ठाऊक नव्हतं, आम्ही चुकनूत' एवढं सांगाले काय झालं होतं?"

भिकननं दांडका मांडीवर आडवा ठेवला. "फुफी बोलनी आनि माले लतीफनी मान दिसनी," तो म्हणाला. "ह्या हातखाल. मी त्याले मक्काकडे पाठ करीसन निजाडेल शे. मरताना तो म्हणे, भिकन, माले नीट निजाडजो. तुम्ही बठ्ठा म्हणनात मी खोटा शे, मी तठे गयाच नही. माले वाटनं, तसंच ऱ्हाऊ द्या. मी खोटा ठरनू तं तो तसा निजेल नही."

पडवीबाहेर कुणीतरी बैलाला हाकत गेलं.

"कबरस्तानचा राखणदार म्हातारा शे," जैतुनबी म्हणाली. एकेक शब्द तिनं कासमकडून घोकून घेतला होता. "मुंबईच्या माणसानं त्याचं बोलणं कासमले समजाडं. तो म्हणना, परदेशी लोकेसनी सांजले घाईमा माती दिन्ही. आम्ही सकाळी देखं. चुकेल होतं, पन माती पडेल कबर उघडता येत नही. आनि उघडाची गरज बी नव्हती. तोंड कोन्या बाजूले शे ते आम्ही देखतस. कोन्या बाजूले करानं मनमा होतं, ते देखनारा दुसरा शे."

भिकननं चेहरा दोन्ही हातांत घेतला. कापूस त्याच्या ओल्या गालांना चिकटला.

असरची बांग झाली. तो उठला, हातपाय धुतले, पडवीच्या कोपऱ्यात चटई अंथरली आणि मावळतीकडे तोंड करून उभा राहिला. धुळ्यात ती दिशा बरोबर होती. तरी हात बांधण्याआधी तो क्षणभर अडखळला आणि त्यानं मागं वळून कासमकडं पाहिलं. कासमनं मान हलवली.

जैतुनबी पोत्यावर बसून राहिली. नमाज संपवून त्यानं चटई गुंडाळली, तेव्हा ती म्हणाली, "नशिराबादले चला. तुमना जोडा अजून आमनी ओसरीवर पडेल शे. आनि हिरव्या बांगड्या फेकेल नसतीन तं सोबत ल्या. परवा जुम्मा शे."