कुंपणापलीकडचा आन्सेल्म

फिलोमेनआजीच्या स्वयंपाकघरात शाळेने दिलेले अकरा मग होते. दर सप्टेंबरला गावातली शाळा तिला बोलवायची. तिच्या पिढीच्या क्री आदिवासी मुलांना कॅनडाच्या सरकारने आईबापांच्या हातून ओढून मिशनच्या निवासी शाळेत डांबलं होतं, तिथलं काहीतरी, त्या मुलांच्या आठवणीसाठी नारिंगी सदरे घालून बसलेल्या पोरांना सांगायचं आणि भेटीचा एक मग घेऊन घरी यायचं. आजी सांगायची काय, तर सिस्टर चिखलात कशी आपटली आणि आम्ही सलगम कसे लांबवले. पोरं खो खो हसायची. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त आन्सेल्म गाळलेला होता. त्याचं नाव तिने पोटच्या पोरांपुढेही काढलं नव्हतं.

तिचं मनही तिला खात नसे. वडीलधाऱ्यांकडून खरं ऐकायचं तर आधी तंबाखू द्यायची, आणि ती घेतली की हातचं राखून बोलायचं नाही, ही क्री लोकांची रीत. भेटीच्या मगाला असलं बंधन नव्हतं.

यंदा वर्गात तिची पणती डेलिया होती, दहा वर्षांची. आजी खुर्चीत टेकते न टेकते तोच तिने लाल फडक्यातली तंबाखूची पुरचुंडी पुढे केली. आयुष्यभराची सवय, आजीचा हात आपसूक पुढे गेला. पुरचुंडी मुठीत आल्यावर तिला कळलं, आपण फसलो.

"चिखलाची गोष्ट मला पाठ आहे, आजी. तुझ्या ट्रंकेतल्या फोटोत एक मुलगा आहे ना, तुझ्या शेजारी? त्याचं सांग."

"मोठी आली वकिलीण!"

कुणी हसलं नाही. बाई घाईने म्हणाल्या, "नको असेल तर राहू दे, आजी."

"घेतली ना मी? आता राहू दे कसं?"

मग तिने सांगितलं, आवाज न चढवता. मुलामुलींच्या अंगणांमध्ये तारेचं कुंपण होतं. ती आठ वर्षांची, भाऊ आन्सेल्म सहाचा. एकमेकांशी बोलायची बंदी, आणि क्री भाषा तोंडातून निघाली की पट्ट्याचा मार. एका दुपारी तो तारेला चिकटून तिला हाका मारत राहिला, क्रीतच, कारण त्याला दुसरं काही येतच नव्हतं.

"मी पाठ फिरवली," आजी म्हणाली. "पट्ट्याला भिऊन. त्याच हिवाळ्यात तो खोकल्याने गेला. मला आठवड्याने कळलं."

आजीला हलकं वगैरे काही वाटलं नाही. लाज वाटली.

"काय म्हणत होता तो?" पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं.

"ताई, इकडे बघ ना."

डेलिया तिच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. "मग आता बोल ना त्याच्याशी. इथे कुणी मारत नाही."

आजी खिडकीकडे वळली आणि क्रीमध्ये, साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघतेय रे, आन्सेल्म. बोल."