फोटोतले पाय

तृप्तीने दार तिसऱ्यांदा उघडून पाहिलं. भाताच्या रोवणीच्या बाया दिघोरीच्या रस्त्याने परतत होत्या. लुगडी खोचलेली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. शकुनबाई त्यांच्यात होती. पण ती पलीकडच्या कडेने, मान न वळवता निघून गेली.

तृप्तीच्या कडेवरच्या लेकीने, सुजूने, दोन्ही हात पुढे केले होते. ते थोडा वेळ तसेच राहिले.

नवरा संघपाल नागपूरला नोकरीत, शनिवारी यायचा. बाकीचे दिवस चार भिंती, दहा महिन्यांची लेक आणि फोन. त्यात रोज संध्याकाळचा अर्धा तास शकुनबाईचा. शेताच्या बांधीतून येताना ती पायरीवर टेकायची, सुजू तिच्या पायातली जोडवी ओढत बसायची, आणि तृप्तीला दिवसभरात पहिल्यांदा मोठ्या माणसाशी बोलायला मिळायचं.

गेल्या सोमवारी तृप्तीने त्या दोघींचा फोटो काढला. 'माझ्या लेकीची आजी' असं लिहून फेसबुकवर टाकला, सगळ्यांना दिसेल असा. सुजूचं नाव येऊ नये, घराची पाटी दिसू नये, एवढं तिने दोनदा तपासलं होतं. शकुनबाईला विचारायचं मात्र मनातसुद्धा आलं नाही. वाईट थोडंच लिहिलं होतं?

शकुनबाई न थांबता गेली, त्याच्या दुसऱ्या सकाळी नळावर रुखमिणीने तृप्तीला गाठलं.

"काय व फेसबुकवाली, आमचाबी काढ ना फोटो! का आमी साजऱ्या नाही?"

बाया हसल्या. मग रुखमिणीचा आवाज खाली आला.

"शकुनच्या रेणूनं साकोलीले सासरी सांगतलं होतं, माही आई आता कोणाच्या रोवणीले जात नाही मनून. सासऱ्यानं थो फोटो पाहाला. पोरगी फोनवर रडून राहिली. तुले मालूम नाही?"

तृप्ती अर्धी भरलेली घागर घेऊनच घरी आली. आधी पोस्ट काढून टाकली. मग फोनमधला फोटो पुसायला गेलेला अंगठा थांबला.

संध्याकाळी सुजूला कडेवर घेऊन ती रस्त्यातच उभी राहिली.

"मावशी, काढून टाकला मी तो फोटो. फेसबुकवरून."

"मालूम आहे मले."

"चुकलं माझं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

शकुनबाईने डोक्यावरचा भारा सावरला.

"साऱ्या गावानं पाहाला. साकोलीवाल्यायनं पाहाला. मलेच नाही दाखवला तू."

तृप्तीने फोन पुढे केला. शकुनबाईने भारा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि फोन दोन्ही हातांत धरला. बराच वेळ पाहत राहिली.

"पोरगी साजरी दिसते," ती म्हणाली. मग, "पायबी आले काय व याच्यात?"

"हो."

"सांगतलं असतं तं धुतले असते."

तिने फोन परत दिला, भारा उचलला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली. पायरीवर टेकली, सुजूला मांडीवर घेतलं, कोणाची रोवणी किती उरली ते सांगितलं. पाय धुतलेले होते. तरी लुगड्याचा काठ तिने पार जमिनीपर्यंत ओढून घेतला होता.

सुजू मांडीवरून खाली उतरली आणि काठाखाली हात घालून जोडवी शोधू लागली.