होल्त्सबाखचा हसरा चेहरा

होल्त्सबाख ब्रुअरीच्या बिअरगार्टनमध्ये, म्हणजे उघड्यावरच्या बिअरच्या बागेत, सावळ्या पोरापोरींना दारातूनच परत पाठवतात, हे सगळ्या स्टुटगार्टला कळलं आणि बहिष्कार सुरू झाला. विद्यार्थ्यांनी, फुटबॉल क्लबांनी त्यांची बिअर बंद केली. खप एक तृतीयांशाने घसरला, तेव्हा कुठे कंपनीला समता आठवली. आधी त्यांनी आंब्याच्या चवीची, बिनदारूची बिअर काढली. ती पाहून आंबेवाल्यांच्या देशातल्या लोकांनीही नाक मुरडलं.

मग त्यांना विनय आठवला. हा पुणेकर सात वर्षं मुख्य कचेरीत सॉफ्टवेअर सांभाळत होता, पण मोठे साहेब क्रेमर त्याच्या टेबलापाशी पहिल्यांदाच आले. "पत्रकारांसमोर एवढंच सांगायचं," ते म्हणाले, "की तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना आमच्याकडे कधीही वाईट अनुभव आला नाही. विभागप्रमुखाची जागा रिकामी आहेच."

जूनमध्ये दारातून परत पाठवलेल्या मुलींत विनयची मुलगी स्पृहाही होती, सोळा वर्षांची, म्हणजे जर्मनीत बिअर चालते त्या वयाची. ती रडत घरी आली, तेव्हा त्याने तिला समजावलं होतं, "अगं, ते तुला नव्हतं, तुझ्या त्या तुर्की मैत्रिणींना होतं. आपण शिकलेली माणसं, वेळेवर टॅक्स भरतो, आपल्याला कोण कशाला अडवेल?" असली समजूत आपल्याच लोकांना सुचते आणि वर पटतेही. स्पृहाला पटली नाही. ती बहिष्कारवाल्यांना जाऊन मिळाली.

विनय दोन दिवस घुटमळला आणि तिसऱ्या दिवशी नवा टाय लावून सांगायचं ते सांगून आला. स्वतःची त्याला लाज वाटली, पण पगाराइतकी नाही.

कंपनीचं भलं झालं. बहिष्कार ढिला पडला, ऑक्टोबरपर्यंत खप पूर्ववत झाला. विनयला खुर्ची मिळाली, आणि एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, स्टेशनांवर त्याचं हसरं पोस्टर लागलं: 'विनय. आमच्यातलाच एक.' दारावरचा माणूस मात्र तोच राहिला.

स्पृहाच्या शाळेसमोरच्या स्टेशनावरही पोस्टर होतं. महिनाभर तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, तसा विनयला घास गोड लागेना. शेवटी जेवताना त्याने विचारलंच, "शाळेत कुणी काही बोललं का गं? माझ्यामुळे तुला त्रास नाही ना होत?"

"नाही," भात वाढून घेत ती शांतपणे म्हणाली. "तू माझा बाबा आहेस, हे मी कुणाला सांगितलंच नाहीये."