चौदावी तळटीप

"मॅडम, ती चौदावी तळटीप तुमच्याकडे असेलच ना?"

संशोधन विभागात वर्षभरापूर्वी लागलेली मुलगी दारात उभी होती. जोखीमबाई कपाटासमोर चक्क जमिनीवर बसून जुने कागद उपसत होत्या. निवृत्तीला आठ दिवस राहिले होते आणि तेहतीस वर्षांचं कपाट काही केल्या रिकामं होत नव्हतं.

"असेल. का गं?"

"वर्धापनाच्या ग्रंथात तुमचा निबंध पुन्हा छापतोय. या वेळी टिपेसकट. वर दोन ओळी मी लिहिल्यात, बघता का?"

बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. कागदावर लिहिलं होतं : 'ही तळटीप तत्कालीन संचालकांनी वगळली होती. ती आता प्रथमच प्रसिद्ध होत आहे.'

"ठेव इथे. सोमवारी देते," बाई म्हणाल्या. मुलगी गेली आणि त्यांनी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

मध्यवर्ती बँकेत त्यांचं जोखीमबाई हे नाव कोणी पाडलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण पाडणारा चुकला नव्हता. सगळी नोकरी त्यांनी एकाच प्रश्नात घालवली. व्याजाचे दर खाली आणले आणि वर्षानुवर्षं खालीच ठेवले, तर कर्ज देणारे हळूहळू कोणाच्या दारात जातात? चांगल्या गिऱ्हाइकाकडून फारसं सुटत नाही, म्हणून ते जरा कच्च्या गिऱ्हाइकाकडे वळतात, मग त्याहून कच्च्याकडे. हप्ते वेळेवर येत असतात, सगळे खुशीत असतात आणि जोखीम आत साठत जाते. नवरा चेष्टेने म्हणायचा, "तुझ्या धंद्यात वाईट बातमी येईपर्यंत सगळी चांगलीच बातमी असते." अर्थशास्त्राचा गंध नसलेल्या त्या माणसाला विषय बरोबर कळला होता.

निबंध लिहिला तेव्हा विभाग चौथ्या मजल्यावर मागच्या अंगाला होता. सात माणसांत दोन संगणक होते. त्यांना गार हवा लागते म्हणून त्यांची खोली थंडगार, आणि माणसं बाहेर पंख्याखाली घामाघूम. साडेतीनला चहा यायचा आणि दर अर्ध्या टक्क्याने वाढवावा की पाव, यावरून असं काही जुंपायचं की चहा निवून त्यावर साय धरायची. बाईंना ती भांडणं आठवली की आजही भरून येतं. हल्ली कोणी भांडत नाही. सगळे एकमेकांना ईमेल पाठवतात आणि शेवटी आभार मानतात.

संचालक हिरव्या पेन्सिलीने निबंध तपासायचे, म्हणून ते हिरवे साहेब. नवा शिपाई ते आडनावच समजायचा आणि त्या नावाचं टपाल शोधत बसायचा. साहेबांची एक रीत होती. वाक्य नको असलं की त्यावर रेघ. रेघ मारल्यावर मन बदललं तर ते रबर हातात घेत नसत. खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली एक टिंब द्यायचे आणि समासात लिहायचे, 'राहू द्या'. टिंबं दिसली की छापखाना ते वाक्य मुकाट ठेवायचा. ही रीत विभागाच्या अंगात इतकी मुरली होती की ताटलीतल्या शेवटच्या बिस्किटाला कोणी हात घातला तरी दुसरा म्हणायचा, "राहू द्या."

कपाटाच्या तळाशी निबंधाची टंकलिखित प्रत निघाली. कागद पिवळा पडला होता, टाचणी गंजली होती. बाविसाव्या पानाच्या तळाला चौदावी टीप : 'दर आणखी दोन वर्षं असेच राहिले, तर घरांसाठी कर्ज देणाऱ्या लहान संस्थांपैकी पाचातली एक अडचणीत येईल, असा आमचा अंदाज आहे.' त्यावर हिरवी रेघ होती. रेघेखाली प्रत्येक शब्दाला टिंब, आणि समासात ठसठशीत अक्षरात 'राहू द्या'.

साहेबांनी टीप ठेवली होती. काढली होती ती बाईंनी.

छपाईआधीची शेवटची तपासणी आली तेव्हा साहेब आठवडाभर परगावी होते. त्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका बड्या अधिकाऱ्याने विचारलं होतं, "लोकांना घाबरवायला निघालेल्या त्या तुम्हीच का?" तो हसला, मग लिफ्टमधले सगळे हसले. बाई तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. टेबलाशी येऊन त्यांनी निळ्या पेनाने टीप उडवली. पुढे त्यांना कारणंही चांगली सापडली. अंदाज जेमतेम अकरा संस्थांच्या आकड्यांवर उभा होता. शिवाय खुद्द मध्यवर्ती बँकच असं म्हणाली, तर लोक ठेवी काढायला धावतील आणि बुडायच्या नाहीत त्या संस्थाही बुडतील. दोन्ही कारणं खरी होती. पण त्या दिवशीचं कारण नुसती भीती होतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि गडबडीत वर मजकुरातला बारीक चौदाचा आकडा उडवायचा राहिला. ज्या बाईचं दशांश चिन्ह कधी इकडचं तिकडे झालं नाही, तिच्या छापील निबंधात चौदा हा आकडा होता आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं.

तीन वर्षांनी त्या संस्था कोलमडल्या. पाचातली एक नाही, चारातली एक. बाईंच्या मावशीची ठेव त्यातल्याच एकीत होती. बंद दारासमोर दिवसभर उभी राहून ती संध्याकाळी थेट बाईंकडे आली आणि पाणी पिऊन म्हणाली, "तू तिथंच बसतेस ना गं? तुला कसं नाही कळलं?" मावशीला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तो प्रश्न काही गेला नाही.

मग कोणीतरी जुना निबंध काढला, बिनटिपेचा चौदा शोधला आणि चहाच्या वेळी टिपेत काय होतं ते विचारलं. बाईंनी ते सांगितलं. "मग काढली कोणी?" यावर दुसराच कोणी म्हणाला, "हिरवी पेन्सिल, दुसरं काय." बाईंनी कपाला तोंड लावलं. एवढंच. साहेब केव्हाच निवृत्त झाले होते. महिन्याभरात ते वर्तमानपत्रातही आलं. त्यानंतर बाई म्हणजे 'जिने आधीच सांगितलं होतं ती', आणि साहेब म्हणजे 'ज्यांनी सांगू दिलं नाही ते'. बाई एकदाही खोटं बोलल्या नाहीत. बोलायची गरजच पडली नाही.

आता मात्र ते ग्रंथात छापून येणार होतं, पुठ्ठ्याच्या बांधणीत, कायमचं.

शनिवारी सकाळी त्या साहेबांच्या घरी गेल्या. दार सुनेने उघडलं.

"या ना. बाबा खिडकीशी बसलेत. जरा मोठ्यांदा बोला हं," ती म्हणाली, आणि पुढे हळूच विचारलं, "तुम्ही बँकेतल्या ना? त्या टिपेचं काही नाही ना काढणार? पेपरात आलं होतं तेव्हा महिनाभर घराबाहेर पडले नव्हते. माझं नवीनच लग्न झालेलं. हे त्यांना म्हणाले, 'बाबा, खरं काय ते सांगून टाका ना.' तर म्हणाले, 'असेल तसंच.'"

बाईंना वाटलं, दारातूनच मागे फिरावं.

साहेब शहाऐंशी वर्षांचे झाले होते. अंगाने निम्मे उरले होते, पण सदऱ्याचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं होतं. बाईंना ओळखल्यावर त्यांचा चेहरा फुलला. "अहो, या, या. दर काय म्हणतायत?"

"वाढवलेत, साहेब. पाव टक्का."

"अर्धा वाढवायला हवा होता." दोघंही हसले, आणि क्षणभर बाईंना निवलेल्या चहाचा वास आल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी साहेबांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. लिफ्ट, निळं पेन, चहाचा कप, आता निघणारा ग्रंथ आणि आठवड्यावर आलेली निवृत्ती. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"छापून आलं त्या दिवसापासून. मी ठेवलेलं वाक्य गाळायची छापखान्याची काय बिशाद? म्हणजे तुम्हीच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आधी वाटलं, तुम्ही याल सांगायला. मग मी निवृत्त झालो. पेपरात आलं तेव्हा विचार केला, आपलं आता काय बिघडणार आहे? तुमची वीस-बावीस वर्षं जायची होती तिथे. तुम्हाला कामाला लावायचं होतं, संपवायचं नव्हतं." त्यांनी गळ्याशी बटण चाचपलं. "पोरगा मात्र अजून मला भित्रा समजतो. तेवढं लागतं."

बाईंनी पिशवीतून कागद काढून साहेबांसमोरच्या टेबलावर ठेवला. नव्या मुलीच्या दोन ओळी त्यांनी काल काढून टाकल्या होत्या आणि तिथे टाइप केलं होतं : 'ही तळटीप तत्कालीन संचालकांनी कायम ठेवली होती. ती लेखिकेने स्वतः, भीतीपोटी, वगळली.'

साहेबांनी भिंग घेतलं. ओळ संपायला बराच वेळ लागला.

"सूनबाई, माझी पेन्सिल देतेस?"

सुनेने टेबलाच्या खणातून हिरवी पेन्सिल काढून दिली. बोटभरच उरली होती. साहेबांनी दोन्ही वाक्यांवर रेघ मारली. रेघ वाकडी गेली, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"कशाला हे आता? आठ दिवसांनी सुटताय. नावाने सुटा."

बाईंनी त्यांच्या हातून पेन्सिल घेतली. तेहतीस वर्षांत त्या पेन्सिलीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्या कागदावर वाकल्या आणि खोडलेल्या एकेका शब्दाखाली टिंब देत गेल्या. मग समासात लिहिलं, 'राहू द्या'.

सून मागे उभी राहून वाचत होती. पुन्हा एकदा वाचून तिने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

साहेबांनी कागद जवळ ओढला. भिंगातून एकेक टिंब तपासलं, पहिल्यापासून, पूर्वी तपासायचे तसं. शेवटाकडे येऊन थांबले.

"'भीतीपोटी'ला दिलं नाहीत," ते म्हणाले, आणि पेन्सिल मागून घेऊन ते टिंब त्यांनी स्वतः दिलं.