नाव न टाकलेली भांडी

भांड्यावर एकदा नाव टाकलं का ते वापस होत नाही, हे मी गिऱ्हाइकाले आधीच सांगतो. सौसरच्या बाजारात तीस वर्षं झाले मले. वीरेंद्र भांडेवाला कोण, कोणालेही विचारा. नाव टाकलेलं घेतलं तरी मोडीच्या भावात घेतो. मंग दुकानात उभं राहून रडगाणं गाऊ नका.

लोधीखेड्याच्या गौतमभाऊले हे माहीत होतं, तरी फसला. त्याची पोरगी दामिनी माशांवर शिकून राहिली. ब्राझीलले जाणाऱ्या एका तुकडीत तिचं नाव लागलं. नावेत बसून मोठ्या नदीनं जंगलात शिरायचं आणि दोन महिने मासे पाहायचे. मी म्हटलं, काहून, आपल्या कन्हानीत मासे नाही काय? तर म्हणे, काका, तिथं अशे मासे आहेत, ज्यायले अजून कोणी नावच नाही देल्लं. राहणं-खाणं तुकडीचं, विमानाचं तिकीट मात्र ज्याचं त्यानं काढायचं. गौतमभाऊ नगर परिषदेत बाबू. इकडून तिकडून जमवलं, तरी साठ हजार कमी पडले. सोमवारी संध्याकाळपर्यंत तिकीट नाही निघालं, तर पोरीची जागा दुसऱ्याले जाणार होती.

मंग यानं डोकं चालवलं. रविवारी समाजभवनात कार्यक्रम ठेवला आणि पत्रिका छापली. वर, 'नदीमोहिमेस यथाशक्ती मदत करावी.' खाली, 'भोजन साडेबारा वाजता.' अरे बाप्पा! आमच्या इकडं पत्रिकेवर भोजन दिसलं का माणूस बाकीचं वाचत नाही, सरळ आहेर घेऊन येतो. आणि आहेर म्हणजे भांडं. शनिवारी माह्या दुकानात पाय ठेवाले जागा नव्हती. पाण्याचे गुंड, ताटं, डबे, जे होतं ते गेलं. साऱ्यावर मीच मशीननं नाव टाकलं. 'चि. दामिनीस, भाऊराव व प्रमिला यांचेकडून सप्रेम भेट.' असे कितीक. गौतमभाऊले नगद पायजे, हे मले ठाऊक होतं. पण मी कोणालेच टोकलं नाही. धंदा आहे माहा. वाईट वाटलं, पण ते शटर पाडल्यावर.

सोमवारी सकाळी गौतमभाऊ छोटा हत्ती टेम्पो भरून भांडी घेऊन दारात उभा.

"वीरेंद्रभाऊ, कालचाच माल आहे. पन्नी भी नाही काढली."

मी नावावर बोट ठेवलं. "मोडीत नऊ हजार होतील. नगद किती आलं?"

"अकरा."

तो पायरीवर बसला तो बसलाच. दामिनी गाडीतून उतरलीच नाही. मोबाईलवर तुकडीवाल्यायले लिहून राहिली होती, का माह्यानं येणं होत नाही. मले तिच्याकडं पाहवलं नाही. पण एकाले सूट देल्ली का उद्या सारा तालुका गुंड घेऊन दारात येतो.

बाराच्या सुमारास ऑटो थांबला. पंचफुलाबाई उतरली, गौतमभाऊची बायको. संग चार पोते. तोंड सोडलं तर पितळेच्या पराती, तांब्याचे हंडे, गंज, घागरी. सारा माल माह्याच दुकानचा! पंधरा वर्षांपासून ही बाई शिवणकामाच्या पैशातून दर चौदा एप्रिलच्या आठवड्यात एखाद-दोन नग घेऊन जाये. पोरीच्या लग्नासाठी. दर वेळी मी विचारो, नाव टाकू काय बाई? दर वेळी ती म्हणे, जावयाचं नाव कळू द्या, मंग संगच टाका. मले असा राग ये! पाच मिनिटाचं काम, आणि पंधरा वर्षं लटकवून ठेवलं.

"पाहा भाऊ," ती म्हणाली, "एकावर भी नाव नाही. घ्यावं लागन."

घ्यावं लागलं. पितळ-तांब्याचा भाव तेव्हापासून कुठच्या कुठं गेला. मी आजच्या भावानं धरलं. तिकीट बसलं, वर थोडे उरले.

आता दामिनी धावत उतरली. "आई, हे नको इकू. एक एक करून जमवलं तू."

"चूप बस. भांडे पुन्हा भेटतात." असं म्हणाली, पण हंड्यावरचा हात काही उचलेना. डोळे भरून आले तिचे. माहे भी आले, लपवायचं काय त्यात.

मंग तिनं फळीवरून स्टीलचा एक लहान डबा काढला. "चटणी देतो हिच्या संग. याच्यावर नाव टाका."

मी मशीन लावली. "कोणाकडून लिहू?"

"कोणाकडून नाही. नुसतं दामिनी. आणि पांढुर्ण्याहून गाडीत बसन, त्या दिवसाची तारीख."

टाकलं. दहा रुपये मागितले, तिनं देल्ले. डबा पदरानं पुसत तिनं मले विचारलं, "आता हे वापस नाही घेणार ना तुमी?"

"नाही बाई. माहीत आहे ना तुमाले."

तिनं डबा पोरीच्या हातात ठेवला.

"आयकलं ना? आता वापस होत नाही."