दुनळीच्या कपाटाची किल्ली

“तुम्हाला हे खरं वाटणार नाही मॅडम. आजवर कोणालाच वाटलेलं नाही,” दुनळीकाका म्हणाले. “पण माझ्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली आपल्या पायांनी घरी परत येते.”

परवान्याच्या तपासणीला आलेल्या बाईंनी फाइलमधली मान वर केली नाही. सकाळपासूनचं हे त्यांचं तिसरं घर होतं. पहिल्या घरी बंदूक पलंगाखाली सापडली होती, दुसऱ्या घरी बंदूक जागेवर होती पण तिचा मालक गावाला गेला होता. त्या मानाने चालणारी किल्ली म्हणजे काहीच नाही, असा चेहरा करून त्यांनी पाण्याचा ग्लास तेवढा बाजूला सरकवला. दाराच्या चौकटीला टेकून काकांची मुलगी उभी होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. बापाच्या थापा ऐकत ती लहानाची मोठी झालेली, तेव्हा तिच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

काकांनी एकतीस वर्षं बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन पहारा केला होता. बंदूक स्वतःची, परवाना स्वतःच्या नावाचा, म्हणूनच ती नोकरी मिळालेली. गल्लीत त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नसावं. एकदा आपल्या नुसत्या शिंकेने दरोडेखोर पळाले, हा किस्सा ते सांगत. नोकरीत असताना दरोडेखोर तीन होते, निवृत्तीच्या दिवशी सहा झाले आणि आता न्हाव्याच्या खुर्चीत अकराच्या खाली येत नसत. खरं म्हणाल तर एकतीस वर्षांत बंदूक उडाली ती वर्षातून एकदा सरावाच्या मैदानावर, तीही मातीच्या ढिगावर.

पण थापाड्या माणसाची एक जागा असते जिथे तो थट्टा चालू देत नाही. काकांची ती जागा म्हणजे मागच्या खोलीतलं कपाट. जाड पत्र्याचं, अरुंद, उंच, चार बोल्टांनी भिंतीत घट्ट बसवलेलं. आत बंदूक, रिकामी, नळ्या तेलाने पुसलेल्या. काडतुसं तिथे नाहीत. ती पुढच्या खोलीत, वेगळ्या लोखंडी पेटीत, आकड्यांच्या कुलपात, आणि तो आकडा म्हणजे काकांचा नोकरीतला बिल्ला क्रमांक, जो त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी पाठ. कपाट आणलं त्या दिवशी काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, तुमच्या दुसरीला स्वतंत्र खोली दिलीत, मला मात्र चाळीस वर्षं ओटाच.

किल्ली फक्त परवानाधारकाकडे असावी आणि तिची जागा दुसऱ्या कोणाला माहीत नसावी, हा नियम काकांनी इतका मनावर घेतला होता की दर महिन्याच्या एक तारखेला ते किल्लीची जागा बदलत. एक जागा फार दिवस राहिली की घरादाराला वास लागतो, असं त्यांचं म्हणणं. कधी पडद्याच्या पोकळ दांडीत, कधी जुन्या बुटाच्या टोकात, कधी शिवणयंत्राच्या खणाखाली चिकटवून. त्या दिवशी ते काकूंना सरळ शेजारी पाठवत आणि त्या परत आल्या की भिजल्या मांजरासारखं भोळं तोंड करून बसत.

सात वर्षांपूर्वीच्या एका महिन्यात त्यांना जागा आठवेना. सगळं घर पालथं घातलं, तेही बायकोला कळू न देता, म्हणजे सांगायला हरवलं होतं वर्तमानपत्र आणि शोधत होते गादीच्या खाली, शेवयांच्या डब्यात, न्हाणीघराच्या माळ्यावर. काकू ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, तुमच्या कोटाच्या खिशात काहीतरी खुळखुळतंय बघा.

कोटाच्या खिशात किल्ली होती. कोटाच्या खिशात काकांनी ती ठेवली नव्हती, एवढं त्यांना नक्की आठवत होतं.

तिथून पुढे दोन-तीन महिन्यांनी एकदा हे व्हायचंच. काकांना जागा आठवायची नाही, ते घरभर वर्तमानपत्र शोधत हिंडायचे आणि संध्याकाळपर्यंत किल्ली कुठूनतरी समोर यायची. बुटात, बशीखाली, दाढीच्या डब्यात. काकूंना प्रत्येक जागा ठाऊक असायची. रोज घर झाडणाऱ्या बायकोला घरातलं काय ठाऊक नसतं. काकांनाही ठाऊक होतं की काकूंना ठाऊक आहे. पण हे बोलून दाखवायचं म्हणजे दोन गोष्टी कबूल करायच्या, एक म्हणजे नियम मोडला आणि दुसरी म्हणजे डोकं साथ सोडतंय. मग त्यांनी तिसरीच गोष्ट काढली, किल्ली आपल्या पायांनी येते. न्हाव्याकडे सांगितली, इस्त्रीवाल्याला सांगितली, जावयाला तर दोनदा सांगितली. कोणी काकूंकडे साक्ष मागितली की त्या गंभीर होऊन म्हणत, हो तर, काल दार वाजवून आत आली, मीच पाय धुवायला पाणी दिलं. दोघंही हसायची नाहीत. हसलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

या सात वर्षांत परवान्याची तपासणी दोनदा झाली. किल्लीची जागा आपल्याखेरीज अन्य कोणास माहीत आहे काय, या प्रश्नापुढे काकांनी दोन्ही वेळा नाही लिहिलं. शिंकेने अकरा दरोडेखोर पळवणाऱ्या माणसाने सरकारी कागदावर लिहिलेलं खोटं तेवढंच.

मग काकू गेल्या. दवाखान्यात बारा दिवस होत्या, तेराव्या दिवशी नव्हत्या. ती तारीख एकोणतीस होती. पुढच्या तीन दिवसांत घर पाहुण्यांनी भरलं, खुर्च्या पुरेनात, चहाची भांडी शेजाऱ्यांकडून आली, आणि त्या गर्दीत एक तारीख उजाडली. काकांनी नेहमीप्रमाणे किल्ली हलवली. काकूंना शेजारी पाठवायची गरज नव्हती. कुठे ठेवली हे बघणारंही त्या भरल्या घरात कोणी नव्हतं.

नंतरचे पाच महिने ते किल्ली शोधत होते. पडद्यांच्या शिवणी उसवून झाल्या. पिठाचे डबे परातीत उपडे करून झाले. शिवणयंत्राचं एकेक चाक काढलं आणि परत बसवलं, तेव्हापासून ते मागे फिरवलं तरच पुढे चालतं. मुलीचा फोन आला की म्हणत, सगळं जागच्या जागी आहे. कारण मुलीने अंत्यविधीनंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. दुकानात तीही एक कपाट सांभाळायची, झोपेच्या आणि वेदनेच्या कडक गोळ्यांचं, त्यामुळे या बाबतीत ती लेक नव्हती, तपासनीसच होती. ती म्हणाली, बाबा, बिल भरायचं विसरा, मी भरीन. दूध उतू घालवा, मी पुसून घेईन. पण ज्या दिवशी बंदुकीचं काही विसराल, त्या दिवशी या घराला कुलूप लावून तुम्हाला माझ्याकडे नेणार.

लेकीचं घर वाईट नव्हतं. उलट तिथे उजेड जास्त, जावई शांत, पलंग नवा. पण इथे काका दिवसातून चारदा स्वयंपाकघराकडे तोंड करून “अगं” म्हणायचे, आणि भिंती ते मुकाट ऐकून घ्यायच्या. तिकडे तसं म्हटलं तर जावई टीव्हीचा आवाज कमी करून बघेल आणि लेक डॉक्टरची वेळ घेईल. बंदूक गेली असती तर काकांनी दोन दिवस हळहळून सोडून दिलं असतं. “अगं” म्हणायची जागा गेली तर पुढे काय, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

तपासणीची नोटीस आली तेव्हापासून त्यांचा जीव टांगणीला होता. आज सकाळी दाढी करता करता त्यांनी चष्म्यासाठी हात घातला, डबी उघडली, तर चष्म्याच्या काचांवर किल्ली आडवी पडलेली.

“अगं, सापडली,” काका स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले.

तिकडून काही आलं नाही. ओट्यावर काल रात्रीचा एकच कप उपडा होता. तरी किती वेळ ते तसेच उभे राहिले, चेहऱ्यावर अर्धा साबण सुकत चाललेला. एवढा आनंद त्यांना पाच महिन्यांत झाला नव्हता, आणि तो उतरायला लागला तसा जिन्यावरून एकेक पायरी उतरावा तसा उतरला. ती नाही. मी तर नाहीच. म्हणजे लेक. काल रविवारी आली होती, रात्रीपर्यंत आवरत होती, चष्मा पुसून देते म्हणाली होती. तिला कुठे सापडली कोण जाणे. तिने विचारलं नाही. तिने डबीत ठेवली आणि गेली, अगदी हिच्यासारखी.

मग काकांनी तोंड धुतलं, चष्मा घातला आणि स्वतःशी ठरवून टाकलं की लेकही गप्प राहणार. रक्तातच आहे ते.

तपासणी छान झाली. बाईंनी कपाट हलवून पाहिलं, ते तसूभर हललं नाही. बंदूक उघडून नळ्या उजेडाकडे धरल्या, क्रमांक परवान्याशी जुळवला. पेटीचं कुलूप काकांनी न बघता, गप्पा मारत उघडलं. काडतुसं वहीतल्या आकड्याइतकीच निघाली. बाई पहिल्यांदाच हसल्या. काका, म्हणाल्या, इतकं नीट ठेवणारा माणूस महिन्यातून एखादा भेटतो, तुमच्याकडे मी नवीन पोरांना शिकायला पाठवीन. काका फुलून आले. त्यांनी दरोडेखोरांचा किस्सा काढला. आज तेरा होते. त्यात एक बाईही होती.

मुलगी चौकटीपासून हलली नव्हती.

शेवटच्या पानावर बाईंनी पेन ठेवलं आणि प्रश्न वाचला. किल्ली कुठे असते ते मला सांगू नका, म्हणाल्या, फक्त एवढं सांगा, ती जागा तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे का, आणि ती तुम्हाला रोज आठवते ना. वय सत्तरच्या पुढे असलं की हे विचारावं लागतं, राग मानू नका.

काकांनी राग मानला नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा चालणाऱ्या किल्लीवर आले. या वेळी गोष्ट रंगली. किल्लीला पाऊस आवडत नाही म्हणून ती पावसाळ्यात बुटातच राहते. एकदा ती दोन दिवस रुसली होती, तेव्हा तिला तेलाचं बोट लावून मनवावं लागलं. आणि आताच बघा, पाच महिने ती जरा बाहेरगावी होती, कारण घरात दुःख झालं होतं, तिलाही ते सोसलं नाही, पण तुम्ही येणार म्हटल्यावर आज सकाळी बरोबर माझ्या चष्म्याच्या डबीत येऊन झोपली. शहाणी आहे. मालकाला लाज येऊ देत नाही.

बाई मनापासून हसल्या. एवढी थाप मारता येते म्हणजे डोकं ठणठणीत आहे, असा त्यांचा हिशेब असावा. म्हणजे माहीत कोणाला नाही आणि आठवण पक्की, असं लिहिते, म्हणत त्यांनी फाइल काकांच्या पुढे सरकवली आणि सहीच्या जागी फुली केली.

काकांनी पेन उचललं. सही करता करता ते लेकीकडे बघणार नव्हते, पण पाहिलं. ती रडत होती. आवाज नव्हता, हात छातीशी बांधलेले, औषधाच्या दुकानात कोणी चुकीची चिठ्ठी पुढे केली की जसा करत असेल तसा चेहरा, आणि गालांवरून पाणी. काकांनी डोळ्यांनीच तिला सांगितलं, राहू दे. तिच्या आईला ते एवढ्यावर समजायचं.

“लिहू नका ते, मॅडम,” मुलगी म्हणाली. “किल्ली कुठूनही चालत आलेली नाही. काल रविवारी ती मला फाटकावरच्या पत्रपेटीत मिळाली, मोडक्या झाकणाच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाचाही हात जाईल अशा. पाच महिने तिथे होती. चष्म्याच्या डबीत मी ठेवली, वाटलं होतं बाबा मला विचारतील तरी. आणि त्याआधी सात वर्षं आई ठेवायची, दवाखान्यात तिनेच मला सांगितलं. बाबा, आई गेल्यावर ती तिथे ठेवताना तुम्ही किल्लीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता, तो मी सोडून घेतला. त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलंय, बंदुकीची किल्ली, हिला विचारणे.”