ठणठण्या एकदाच वाजतो

मी ठणठण्या बोलतोय. हसू नका. मला हसणाऱ्या एका माणसाचे तीन दात मी पाडलेत. ते पुढं सांगतो.

रेणापूरजवळच्या एका वाडीत, बौद्ध वस्तीच्या हिरीवर माझा जन्म झाला. माझा बाप भीमा, सायकलीचं पंक्चर काढणारा. नववीत दोनदा नापास, पण दिमाग असा की बंद पडलेला रेडिओ त्याला बघूनच खरखरायला लागायचा. त्यानं मला भंगारातून जमवलं. पोट डालड्याच्या डब्याचं. आतडं सायकलच्या चेनचं. हाताला ट्रॅक्टरची स्प्रिंग, मुठीत लोखंडी हातोडा. समोर लटकवलेला रुळाचा तुकडा, शाळेत घंटा म्हणून असतो ना, तसला. तो शाळेतलाच होता का, ते इचारू नका. त्या आठवड्यात शाळा कवा सुटली ते मास्तरलाबी कळलं न्हाई, एवढंच सांगतो.

काम माझं सोपं. डबा हिरीत तरंगायचा. पाणी चढलं की डबा चढायचा, चेन सैल पडायची, खटका निसटायचा आन् हातोडा रुळावर. ठण्ण! फक्त एकदा. पुन्हा वाजायचं तर माझा हात मागं ओढून खटक्यात अडकवावा लागायचा. त्याला दोन बायांनी लोंबकळावं लागे.

मला करायची वेळ आली ती दुष्काळानं. हिरीचा झरा इतका बारीक झालेला की एक रांग भरायला अर्धा दिवस जायचा. बाया घागरी रांगेत मांडायच्या, खूण म्हणून घागरीत आपापला खडा टाकायच्या आन् राखण करत बसायच्या. म्हाताऱ्या नागुबाईला कमी दिसायचं, म्हणून तिचा खडा मुठीएवढा. पण बसलं की खडी फोडायच्या कामावर खाडा, आन् खाडा पडला की चूल गार.

भीमाची बायको सरजाबाई एक दिवस तणतणली, "रेडिओला बोलकं करायलाव, हिरीला करा की!"

असा मी झालो. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा नुकता झालेला. पाटी नवी, जीप नवी, पाणी तेवढं कुठंच न्हाई. भीमानं नव्या जिल्ह्याच्या सायबाला कार्ड टाकलं : आमच्या वाडीत नवीन शोध लागला हाय, बघायला यावं.

"आजी, तूबी घरी सावलीत बस," तो नागुबाईला म्हणाला. "राखण आता यंत्र करतंय."

"यंत्राला डोळे हायत का रे?"

"कान हायत सगळ्यांना. पुरे की."

इथंच चुकलं बगा. पण तवा मीबी फुगलो होतो.

पहिल्या दिवशी वाजलो आन् खडीवरच्या चाळीस बाया धावत सुटल्या. रांग गेली उडत. चतुराबाईनं सुमनबाईच्या झिंज्या धरल्या, सुमनबाईनं तिच्या कपाळात घागर हाणली. सरजाबाई मधी पडली तर तिलाच चार गुद्दे. शेवटी खडे बघून रांग पुन्हा लागली, पण चतुराबाईच्या भुवईतून रगत गळत होतं.

वरच्या आळीचा भुजंग बांधावर उभा राहून पोट धरून हसत होता. पंधरा एकराचा मालक, पण त्याची हीर ठणठणीत कोरडी. हसता हसता त्याचे डोळे माझ्या डब्यावर थांबले.

दुसऱ्या दिवशी त्यानं बांबूला आकडा बांधला आन् माझा डबा वर उचलला. ठण्ण! बाया धावत आल्या. हिरीत नुसता चिखल. सरजाबाईनं आन् आणखी एकीनं लोंबकळून मला पुन्हा अडकवलं. दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दोनदा. मला बोंबलून सांगायचं होतं, की बायांनो, मी न्हाई वाजलो, मला वाजवलं. पण माझ्या तोंडात एकच शब्द.

खडीवरचा मुकादम उखडला. "आता जी पळंल तिचं नावच काटतो!"

चौथ्या दिवशी पाणी खरंच चढलं. मी जीव खाऊन वाजलो. कुणी आलं न्हाई.

भुजंग आला. बैलगाडीवर दोन टिपाडं, पाण्याची पत्र्याची पिंपं. सपासप पोहरा ओढायला लागला. तेवढ्यात काठी टेकत नागुबाई आली. कामावरून काटायला तिचं नाव हजेरीत नव्हतंच.

"भुजंगा! आमच्या हिरीचं पाणी चालतंय व्हय रे तुला? परवा माझी सावली पडली तर थुकलास की!"

"हो बाजूला, म्हातारे. मरायचं वय झालं, तहान कशाला लागती तुला?"

ती टिपाडाला आडवी झाली. त्यानं तिचा डावा हात पिरगाळला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. मग त्यानं तिच्या मातीच्या घागरीला लाथ घातली. घागर फुटली, तिचा मुठीएवढा खडा गडगडत माझ्या पायाशी आला.

नागुबाई सरपटत आली. खडा उचलला. आन् रुळावर हाणायला लागली. ठण! ठण! ठण! ठण! थांबेचना.

तिकडं खडीवर सरजाबाईचा हातोडा हवेतच थांबला. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलंय. ती म्हणाली, "ठणठण्या एकदाच वाजतो. हे माणूस वाजवायलंय!"

मुकादम ओरडत राहिला. चाळीस बाया खडीचे हातोडे घेऊनच निघाल्या.

भुजंगाला धूळ दिसली आन् तो पिसाळला. आवाजाचं मूळ मीच, असं समजून त्यानं पहिल्यांदा माझा हात धरला, उपटायला मागं ओढला. घामानं मूठ निसटली. स्प्रिंग माझी ट्रॅक्टरची, हातोडा दीड किलोचा. बसला थेट जबड्यावर. ठण्ण न्हाई, कच्च झालं. आयुष्यात मी एवढा गोड कधी वाजलो न्हाई. तीन दात तर मीच मोजले. बाकीचं बायांनी केलं. टिपाडं चेपली, गाडीचं चाक फोडलं. भुजंग चिखलात लोळत गेला.

पण असल्या गोष्टी एका मारामारीत मिटत न्हाईत. दुसऱ्या दिवशी सकाळी भुजंगाचे चार मेव्हणे भीमाच्या पंक्चरच्या दुकानात शिरले. भीमाचा उजवा हात ऐरणीवर धरला आन् वरून दगड घातला. ज्या बोटांनी मला केलं तीच बोटं. मग हिरीवर येऊन त्यांनी माझा डबा चपटा केला, स्प्रिंग तोडली, चेन हिरीत फेकली. मेव्हणे ठाण्यात गेले, सुटूनबी आले. भीमाची दोन बोटं काय परत आली न्हाईत.

पंधरा दिवसांनी नवी जीप आली. सायबाच्या हातात भीमाचं कार्ड.

"यंत्र कुठंय?"

भीमानं पट्टीचा हात पाठीमागं लपवला. "मोडलंय सायेब. पण दुरुस्त करतो. फक्त स्प्रिंग लागंल."

"काही लागत न्हाई," सरजाबाई म्हणाली. "हिरीवर आता माणूस बसवलंय."

सायबानं बघितलं. लिंबाखाली नागुबाई बसलेली. डावा हात प्लास्टरमधी. पुढं घागरींची रांग, खडे जागच्या जागी. कामावरनं येताना परतेक बाई तिच्या पदरात मूठभर ज्वारी टाकते. आन् तिच्या मांडीवर मी. म्हंजी माझा उरलेला हातोडा.

सायबानं इचारलं, "आजी, हातोडा कशाला?"

"पाणी चढलं की रुळावर हाणते."

"आणि पाणी चढलं नसलं तर?"

"मंग कोण चढतंय ते बघते."

सायेब हसला न्हाई. वहीत कायतरी लिहून गेला.

भीमाला एवढं सांगा कुणीतरी : डाव्या हातानं मला पुन्हा जोडायला बसू नको. पंक्चर काढ. रेडिओ बोलका कर. स्प्रिंगीवर आता माझा जीव न्हाई. या म्हातारीची मूठ बरी हाय. थरथरती, पण सोडत न्हाई. तिला डुलकी यायला लागली की ती मला जरा हलवती आन् वरच्या आळीकडं बघती.

तिकडं भुजंगाची टिपाडं अजून चेपलेलीच हायत.